फिकी शाई

प्रिंटर कुठला घ्यायचा हे ठरवायला ठिणगीला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांचं मातेरं करायला दादाला एक चहा संपेपर्यंतचा वेळ पुरला.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी पटकन पेट घ्यायची म्हणून वडिलांनी ठेवलेलं, आणि आता केस पांढरे व्हायला लागले तरी चिकटून राहिलेलं. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. लोक फोटो काढून घ्यायला यायचे बंद झाले, तेव्हा या दोघांनी त्याच जागेत कपांवर, फरशीच्या तुकड्यांवर, किल्लीच्या बिल्ल्यांवर फोटो उतरवून द्यायचं काम सुरू केलं. दुकानाच्या पाटीवर 'आणि बंधू' असं लिहिलेलं होतं. बंधू एकच होता, आणि त्याला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं.

छपाई आतापर्यंत समोरच्या स्टिकरवाल्याकडून करून आणायची आणि दुकानात फक्त कप तापवायचे, असं चाललं होतं. दादाला ते खुपायचं. "त्याच्या दारात किती दिवस हात पसरायचे? आपला प्रिंटर हवा," असं तो म्हणाला आणि ठिणगी कामाला लागली.

या कामाची शाईच वेगळी असते. सब्लिमेशनची शाई म्हणतात तिला. कागदावर छापली की दिसते विटकी, मळकट, धुवून धुवून जुन्या झालेल्या कपड्यासारखी. तो कागद कपाभोवती घट्ट चिकटवायचा आणि हीट प्रेसमध्ये तापवायचा. उष्णतेनं शाईची वाफ होते, ती कपाच्या लेपात शिरते, आणि कागद सोलला की आतून रंग असा फुलून येतो की बघत राहावं. साधी शाई नेमकी उलट. कागदावर झकपक आणि कपावर नुसता धब्बा. शिवाय प्रिंटरही बघून घ्यावा लागतो. काही प्रिंटर शाई तापवून फेकतात, त्यांत ही शाई चालत नाही, आतल्या आत करपून बसते. हे सगळं ठिणगीनं वाचून, विचारून, दुकानं पालथी घालून पक्कं केलं होतं. दोन कंपन्यांच्या शायांनी छापलेल्या फरशा तिनं महिनाभर खिडकीत उन्हाला ठेवल्या होत्या, कुठली उडते ते बघायला. शेवटी एक प्रिंटर आणि एक शाई नक्की करून तिनं दादाला सांगितलं.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "पण खरेदीला मी येतो. व्यवहार हे तुझं काम नाही."

विक्रेता हसतमुख होता. चहा मागवला, खुर्च्या पुसल्या, आणि एकाच पोपटाचं चित्र छापलेले दोन कागद टेबलावर ठेवले. एक ठिणगीनं निवडलेल्या प्रिंटरचा, दुसरा शेजारच्या, साध्या शाईच्या प्रिंटरचा. दादानं दोन्ही उचलले, दारात नेले, उजेडात धरले आणि चष्मा कपाळावर चढवून असे न्याहाळले, जणू जन्मभर पोपटच तपासत आलाय.

"हा बघ पोपट," तो म्हणाला. "आणि हा तुझा. आजारी आहे का हा?"

"दादा, कागदावर बघायचं नसतं."

"मग काय कपाळावर बघायचं?"

विक्रेता खो खो हसला. बाजूला उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. आणि ठिणगी गप्प बसली! हिच्यापाशी तीन महिन्यांचा अभ्यास, टिपणांनी भरलेली वही, सगळं काही, पण चारचौघांत भावाचा पाणउतारा कशाला करायचा म्हणून बाई मूग गिळून उभी राहिली. "हे तापवून चालतं ना कपावर?" असं दादानं विचारलं, तेव्हा विक्रेता म्हणाला, "सगळं चालतं साहेब. तुमची नजर पक्की आहे." झालं. पक्क्या नजरेनं साध्या शाईचा प्रिंटर रिक्षात घातला. पुढं जे झालं त्यात ठिणगीला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तो त्या दिवशीच्या स्वतःच्या तोंडाचा.

पुढं झालं ते असं. त्याच आठवड्यात घड्याळवाल्या काकांची ऑर्डर द्यायची होती. काका म्हणजे मागच्या गल्लीत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून आता घरी बसलेले गृहस्थ. त्यांच्या बायकोला, काकूंना, विसर पडायचा आजार जडला होता. काकांचेच हात आता थरथरायचे, त्यांच्यानं एकट्यानं होत नव्हतं. मुलं दूर. शेवटी काकूंना केअर सेंटरमध्ये ठेवायचं ठरलं होतं, आणि तिथला नियम असा की पहिले पंधरा दिवस घरच्या कुणी भेटायला यायचं नाही. माणूस रुळावं म्हणून म्हणे.

"नावं गेली तिची," काका ऑर्डर देताना म्हणाले होते. "पण नाती कळतात अजून. कपातून पाणी प्यायची तिला सवय आहे, तेव्हा कप हातात राहील. पंधरा दिवस आमच्या ऐवजी एवढं तरी राहू दे तिच्यापाशी."

म्हणून पाच कप. प्रत्येकावर एक चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ. मी तुझा थोरला. मी तुझी लेक. मी तुझा धाकटा. मी तुझी बहीण. पाचव्यावर काका स्वतः, एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलेले. मी तुझा नवरा. शुक्रवारी सकाळी काकूंना न्यायला गाडी येणार होती.

बुधवारी ठिणगीनं नव्या प्रिंटरवर पहिला कागद काढला. काकांचा चेहरा असा चकचकीत आला की दादानं टाळी वाजवली. "बघ! आणि तू तो आजारी पोपट घेणार होतीस."

ठिणगीनं कागद कपाला चिकटवला, प्रेसमध्ये घातला, एकशे ऐंशी अंशांवर चार मिनिटं धरला. काढला, सोलला. कपावर एक गुलाबट डाग होता. तिनं अंगठा फिरवला. डागही पुसला गेला.

"तापमान कमी पडलं असेल," दादा म्हणाला.

तिनं तापमान वाढवलं. कागद करपला, दुकानभर जळका वास सुटला. कप तसाच कोरा.

"तुझं दाबताना काहीतरी चुकतंय."

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सहा वर्षं दाबतेय मी! सहा वर्षांत एक तरी कप असा निघाला? शाई चुकीची आहे दादा. शाईच चुकीची आहे, आणि ज्या प्रिंटरमध्ये ती भरलीये त्यात बरोबर शाई चालतसुद्धा नाही. मी सांगत होते तुला."

"सांगत होतीस तर नीट सांगायचंस. गप्प का बसलीस?"

तिनं कोरा कप टेबलावर आपटला. दादाच्या डोक्यात घालता आला असता, तर तिनं तो तिथंच घातला असता.

गुरुवारी सकाळी ती फोटोंची फाइल घेऊन समोर स्टिकरवाल्याकडे गेली. काल आपला प्रिंटर आला म्हणून दादानं त्याला ऐकू जाईल अशी शेखी मिरवली होती, पण तो माणूस मनाचा मोठा होता. फक्त म्हणाला, "काळा रंग तुटतोय ताई. प्रिंटरचं हेड साफ करून देतो. दोन वाजतील." ती स्टुलावर बसून राहिली. तो सफाई करी, एक पट्टी छापी, भिंगातून बघे, पुन्हा सफाई करी. काकांचे केस, काकांची मिशी, खालची अक्षरं, सगळं त्या काळ्यावर होतं. तुटकी रेघ तिलाही नको होती. सव्वादोनला पाच विटके, मळकट, अगदी हवे तसे कागद तिच्या हातात आले आणि चोवीस तासांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला.

दुकानात वहिनी बसली होती. "अगं, कशाला धावपळ केलीस?" ती म्हणाली. "कप तर हे देऊन आले सकाळीच."

"कुठले कप?"

वहिनीनं टेबलाकडे हात केला. टेबलावर पारदर्शक स्टिकरच्या कागदाची कात्रणं पडली होती, आणि त्यांच्या शेजारी व्हार्निशचा फवारा मारायचा डबा.

तेवढ्यात दादा शीळ घालत आला. अडलेलं काम एकट्यानं फत्ते करून आलेल्या माणसाचा चेहरा. "काय गं, जमलं की नाही? तू नुसती हातपाय आपटतेस. मी आपल्याच प्रिंटरवर छापले, स्टिकर चिकटवले, वरून फवारा मारला. काय झळकत होते! काका तर माझा हातच सोडेनात."

"व्हार्निश मारलंस? पाणी पितात रे त्यातून!"

"बाहेरून मारलंय. आत कुठं मारलंय?"

"मग ओठ कुठं लागतात, बुडाला?"

वहिनीनं हळूच पर्स उचलली आणि काहीतरी पुटपुटत घरी सटकली.

ठिणगीनं मांडणीवरून पाच कोरे कप काढले. "इथं उभा राहा," ती म्हणाली. "हलायचं नाही."

"अगं पण हे कागद बघ तरी. हे असले भुताचे चेहरे देणार तू त्यांना?"

"उभा राहा म्हणाले ना!"

मोठ्यांदा ओरडली ती. रस्त्यावरच्या दोघांनी वळून आत बघितलं. दादा उभा राहिला. चार मिनिटं. प्रेस उघडली, तिनं हातमोजा घालून कप काढला आणि कागद त्याच्या नाकासमोर सोलला. काकांच्या थोरल्याचा चेहरा वर आला, गालावरच्या तिळासकट, शर्टाच्या निळ्या रेघांसकट. दादानं हात पुढं केला आणि भाजेल म्हणून मागं घेतला. मग पुन्हा चार मिनिटं, पुन्हा चार, असे पाच कप होईतो तो खांबासारखा उभा होता. ठिणगीला वाटलं होतं, याचं तोंड बंद झालं की आपल्याला बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. राग उलट वाढला, कारण त्याला आत्ता दिसलं ते तिला तीन महिने दिसत होतं.

"चल," तिनं कप वर्तमानपत्रात गुंडाळले. "तूही चल. सकाळी एकटा गेलास ना, आता माझ्याबरोबर ये."

"मी कशाला? तू बदलून आण. सांग काहीतरी, रंग आणखी चांगले करून आणलेत म्हण—"

"दादा, स्कूटर काढ."

काकांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "या या! आत्ता सकाळी तर दादा येऊन गेले." खोलीत एक बॅग अर्धी भरून ठेवली होती. दोन घड्या घातलेले गाऊन, टॉवेल, चपला. टेबलावर चार कप ओळीनं मांडलेले, भडक, चकचकीत. पाचवा दिसत नव्हता. आतून नळाचा आवाज येत होता.

"ती भांडी घासतेय," काका म्हणाले. "बाकी सगळं विसरली, पण भांडी घासायची विसरली नाही. मी घासू देतो. तेवढा वेळ ती शांत असते."

ठिणगी सरळ स्वयंपाकघरात गेली. दादा मागोमाग, जावं लागलं म्हणून. काकू ओट्याशी उभ्या होत्या, लहानखुऱ्या, केस नीट विंचरलेले, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. एका हातात कप, दुसऱ्या हातात तारेची घासणी. त्यांनी या दोघांकडे बघितलं, ओळखीचं हसल्या, तसं त्या सगळ्यांकडेच हसत, आणि कप दादाच्या हातात दिला.

"बघा हो," त्या म्हणाल्या. "साल आली होती याला. नखानं सोलली आणि मग घासला. कसा लख्ख निघाला!"

कपावर खाली 'मी' एवढं एकच अक्षर उरलं होतं. मोरीच्या जाळीवर स्टिकरचे तुकडे अडकले होते. एका तुकड्यावर भिंग लावलेला डोळा होता.

काका दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी कपाकडे बघितलं, मग जाळीकडे. "माझा का?" एवढंच म्हणाले. मग उगीच हसले. "मघापासून त्यातूनच पाणी पीत होती. मला बरं वाटलं, पाचांतला हाच उचलला म्हणून."

ठिणगीच्या डोक्यात सणक गेली. हातात कप धरून बावळटासारखा उभा असलेला भाऊ, त्या बाईचं ते अभिमानाचं हसू, त्या माणसाचं ते उगीचचं हसू. हे सगळं कशापायी? तर एकाला दुकानात पोपट झळझळीत दिसला आणि दुसरीनं तोंड उघडलं नाही म्हणून.

"सांग त्यांना," ती दादाला म्हणाली.

"काका, ते काय झालं, मशीन जरा नवीन होतं, त्यामुळं थोडा—"

"मशीन नाही. नीट सांग."

"आमच्याकडून जरा—"

"आमच्याकडून नाही!"

काकू दचकल्या. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दादाच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं कप या हातातून त्या हातात घेतला, आणि खाली बघत म्हणाला, "काका, मला यातलं काही कळत नाही. हिला कळतं. ही सांगत होती, मी ऐकलं नाही. ते स्टिकर होते. वरून व्हार्निश मारलं होतं. त्यातून पाणी प्यायचं नसतं."

जन्मात एकदा तरी दादाच्या तोंडून ऐकावं असं जे वाक्य ठिणगीच्या मनात होतं, ते हे. आत्ता ते ऐकून तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

काकांनी अगदी शांतपणे विचारलं, "सकाळी मी तुमचा हात हातात घेतला, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

दादानं मान हलवली. हो.

"मग तुम्ही बाहेर थांबा," काका म्हणाले.

दादानं कप ओट्यावर ठेवला आणि गेला. दाराची कडी वाजली. जिन्यात त्याची पावलं दोन पायऱ्या उतरून थांबली.

ठिणगीनं वर्तमानपत्र सोडलं. नवे कप एकेक करून ओट्यावर मांडले. "काका, चूक माझीही आहे," ती म्हणाली. "मी बोलायला हवं होतं. हे खरे आहेत. हे जायचे नाहीत."

"सकाळच्या कपांच्या बाबतीतही दादा हेच म्हणाले होते हो," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

ती काही बोलणार तेवढ्यात काकूंनी पाचवा नवा कप उचलला. डोळ्यांजवळ नेला, फिरवून बघितला, 'मी तुझा नवरा' या अक्षरांवरून ओलं बोट फिरवलं. मग तो नळाखाली धरला, साबण घेतला आणि घासू लागल्या.

"अहो," त्या जरा वेळानं म्हणाल्या, "हे जात नाहीये."

काका चटकन पुढं झाले. मग थांबले. काकूंनी कुणाकडेच बघितलं नव्हतं. "ती सगळ्यांनाच अहो म्हणते," ते ठिणगीला हळूच म्हणाले. "इस्त्रीवाला आला तरी अहो. त्यातलं माझं कुठलं, ते आता मी विचारत नाही."

काकू घासत होत्या. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, खांदे हलत होते. मग दमल्या, आणि कप, घासणी दोन्ही ठिणगीच्या हातात कोंबली. "तू घास गं. तुझ्या हातात जोर आहे."

ठिणगीनं काकांकडे बघितलं. काकांनी मान डोलावली.

तिनं घासणी धरली आणि घासायला सुरुवात केली. आधी बेतानं. मग तिला तो पोपट आठवला, तो विक्रेता, ते हसणं, आपलं शिवलेलं तोंड, आणि हाताला जोर चढला. त्या भिंगावर, त्या मिशीवर, त्या अक्षरांवर ती दात आवळून तार फिरवत राहिली, बोटं सोलवटली तरी फिरवत राहिली. आपल्याच कामावर एवढ्या रागानं तुटून पडलेली बाई त्या घरानं पहिल्यांदाच बघितली असेल. शेजारी काकू कंबरेवर हात ठेवून लक्षपूर्वक बघत होत्या. काका बघत नव्हते. ते तिच्या मागं डोळे मिटून उभे होते.

शेवटी तिनं कप नळाखाली धुतला आणि उजेडात धरला. भिंग होतं, मिशी होती, तिन्ही शब्द होते, काना-मात्रेसकट.

"नाही गेला?" काकूंनी विचारलं.

"नाही गेला काकू."

"चिवट आहे मेला," काकू म्हणाल्या, कप तिच्या हातातून काढून घेतला, आपल्या ओल्या बाहीनंच पुसला, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बॅगेत गाऊनच्या घडीत नीट ठेवून आल्या.